चिंचेचे झाड आणि मुसीची तुग्यानी

हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्याच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. काही वर्षांपूर्वी आमचे मामू त्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी दाखल होते, तेव्हा आम्ही चार दिवस त्या आवारात काढले. वॉर्डात एकाच माणसाला थांबू देत. बाकीच्यांनी बाहेर बसायचे. आम्ही त्या झाडाखाली बसत होतो, तिथेच डबा उघडत होतो, दुपारी तिथेच डोळा लागत होता. चौथ्या दिवशी शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांनी विचारले, "कहां से आए मियाँ?" बीड म्हटल्यावर ते हसले. म्हणाले, मग तुम्हीही निजामाच्याच मुलखातले, हे झाड तुम्हाला ठाऊक असायला हवे. या झाडाने दीडशे माणसे वाचवली आहेत.

आम्हाला ठाऊक नव्हते. डी.एड., बी.एड. झाले, उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि उर्दू दोन्ही शिकवतो, आणि ज्या झाडाच्या सावलीत चार दिवस बसलो त्याचा इतिहास एका अनोळखी माणसाने सांगावा लागला. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. आमच्या दादीच्या तोंडी "तुग्यानी" हा शब्द असे. ओढ्याला पाणी आले की ती म्हणायची, "तुग्यानी आई." तो शब्द कोणत्या घटनेने घराघरांत रुजला असेल, हे आम्ही कधी विचारलेच नाही. हैदराबादेत २८ सप्टेंबर १९०८ चा पूर "तुग्यानी-ए-सितंबर" म्हणून ओळखला जातो.

मुसी ही तशी लहान नदी. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात ती उगम पावते, हैदराबाद शहराच्या मधून वाहते आणि पुढे कृष्णेला मिळते. शहरात शिरण्याच्या थोडे आधी तिला ईसी नावाची दुसरी नदी मिळते. वर्षातले बहुतेक महिने मुसीच्या पात्रात धोबी कपडे वाळत घालत आणि म्हशी बसत. अशाच नद्या माणसाला फसवतात. गोदावरी किंवा कृष्णेसारखी मोठी नदी चढते ती दिवसादोनदिवसांनी, वरच्या गावांतून खबर येत राहते. लहान खोऱ्याची, उताराची, वर्षभर कोरडी दिसणारी नदी मात्र काही तासांत चढते. पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली शहरातल्या माणसाला वाटते, इथे तर उघडले आहे.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी हैदराबादच्या परिसरात असा पाऊस झाला की शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाण्याची नोंद झाली. आपल्या बीडकडे अख्ख्या पावसाळ्यात जेवढे पाणी पडते त्याचा मोठा हिस्सा तिथे दोन दिवसांत पडला, असे समजा. तरीही नुसत्या पावसाने एवढा संहार झाला नसता. मुसी-ईसीच्या खोऱ्यात जवळजवळ दर चौरस मैलाला एक असे ७८८ तलाव होते. शेतीसाठी बांधलेले, बहुतेक मातीच्या बांधाचे, ओळीने एकाखाली एक. त्यांतले २२१ फुटले.

हे फुटणे कसे घडते ते मुलांना समजावून सांगताना आम्ही गावाकडच्या पाझर तलावाचे उदाहरण देतो. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून जावे, अशी रचना असते. सांडव्याच्या ताकदीपेक्षा जास्त पाणी आले की ते बांधाच्या माथ्यावरून सांडू लागते. दगडी बांध असेल तर तो काही काळ टिकतो. मातीचा बांध मात्र मागच्या उतारावरून खरवडत जातो. आधी एक घळ पडते, ती रुंद होते आणि बघता बघता सगळा तलाव त्या घळीतून खाली जातो. खालचा तलाव आधीच काठोकाठ भरलेला. त्यात हे पाणी एकदम आले की तो फुटतो. मग दोघांचे पाणी तिसऱ्यात. अशी पाण्याची फळीच्या फळी शहराकडे येते, तेव्हा नदी इंच-इंच चढत नाही. कमरेएवढे पाणी पाहून जो माणूस "अजून थोडे थांबू" म्हणतो, त्याला पुढचा अर्धा तास मिळतोच असे नाही.

२७ सप्टेंबर रविवार होता. हिजरी १३२६ च्या रमजानचे ते अगदी पहिले दिवस. रात्रभर पाऊस कोसळत राहिला आणि सोमवारी पहाटेपासून मुसी शहरात शिरू लागली. सहरीसाठी उठण्याची वेळ आणि नदी चढण्याची वेळ यांत फार अंतर नसावे. नदीच्या काठाला कोळसावाडी, घांसी बाजार अशा दाट वस्त्या होत्या. गरिबांची घरे मातीची. अशा घराच्या भिंतीचा पाया पाण्यात भिजला की भिंत खालून विरघळते आणि छप्पर वरच्या माणसांसकट बसते. म्हणून छतावर चढलेल्यांतले पुष्कळ लोक छतासह गेले. छत उंच होते, पण ज्यावर ते टेकले होते ते पाण्याला टिकणारे नव्हते. उंची आणि मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सकाळी शेकडो कुटुंबांना फार उशिरा कळले.

पेटला बुर्जाजवळ तर याहून भयंकर झाले. शहराचा तट दगडी, उंच, पिढ्यान्‌पिढ्या उभा. लोक त्यावर चढून बसले. यापेक्षा सुरक्षित जागा शहरात दुसरी कोणती असणार? पाणी वाढत गेले, तटाला खालून धक्के बसत गेले आणि तो भाग माणसांसकट कोसळला. त्याच वेळी, काही अंतरावर अफजलगंजच्या दवाखान्याच्या बागेत, सुमारे दीडशे माणसे एका चिंचेच्या फांद्यांना धरून बसली होती. ती वाचली. पाणी ओसरेपर्यंत त्यांना खाली उतरता आले नाही. चिंचेचे मूळ खोल जाते, खोड जाड असते, आणि पाणी भिंतीला अडते तसे झाडाला अडत नाही, दोन्ही बाजूंनी निघून जाते. मात्र झाड म्हणजे सुरक्षित, असा धडा कुणी यातून घेऊ नये. त्या दिवशी वाहून गेलेली झाडेही असंख्य असतील. त्यांची गोष्ट सांगायला त्यांच्यावरचे कुणी उरले नाही.

नदीवरचे अफजलगंज, मुसल्लमजंग आणि चादरघाट असे तीन पूल निकामी झाले. उभा राहिला तो सगळ्यांत जुना, १५७८ चा कुतुबशाही पुराना पूल. शहराचे दोन तुकडे झाले. मृतांचा आकडा साधारण १५ हजार धरतात, काही जण तो ५० हजारांपर्यंत नेतात. सुमारे १९ हजार घरे पडली आणि ८० हजार माणसे उघड्यावर आली.

आमच्या वर्गात रुबाई शिकवताना अमजद हैदराबादी यांचे नाव येते. मुलांना आम्ही इतकी वर्षे एवढेच सांगत होतो की ते रुबाईचे बादशहा होते, सूफी विचाराचे होते, कनाअत आणि सब्र हे त्यांचे विषय. त्या झाडाखालून परत आल्यावर वाचले तेव्हा कळले, १९०८ च्या पुरात त्यांची आई, त्यांची बायको आणि त्यांची लहान मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. घरातले ते एकटे उरले. त्या दिवसावर त्यांनी नज्म लिहिली, तिचे नाव "कयामत-ए-सुगरा", म्हणजे छोटी कयामत. हे कळल्यावर सब्र हा शब्द फळ्यावर लिहिताना आमचा हात पहिल्यासारखा चालला नाही. परीक्षेत "शायर का तआरुफ" या प्रश्नाला दोन गुण असतात आणि मुले जन्मसाल-मृत्युसाल लिहून ते मिळवतात. त्यांचे काही चुकत नाही, आम्हीच त्यांना तेवढे दिले होते.

त्या वेळी गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते. त्यांच्याविषयी एक कथा हैदराबादेत आजही प्रेमाने सांगतात. मुसीचा कोप शांत व्हावा म्हणून हिंदू दरबाऱ्यांच्या सल्ल्याने ते स्वतः नदीकाठी गेले, पूजेचे ताट हाती घेऊन त्यांनी नदीला ओवाळले आणि पाणी उतरू लागले. या कथेत एका मुस्लिम राजाचे मोठे मन दिसते आणि ती सांगणाऱ्या हिंदू-मुस्लिम दोघांचेही. ती आम्हाला आवडते. पण आम्ही मुलांना यासोबत दुसरी गोष्टही सांगतो. महबूब अली खानांनी महालांचे दरवाजे बेघरांना उघडले आणि अन्नाचे लंगर सुरू केले. सरोजिनी नायडू यांनीही त्या दिवसांत मदतीचे काम केले. पूर ओसरल्यावर माणसे मरतात ती उपाशीपोटी, घाण पाणी पिऊन, उघड्यावर भिजून. तिथे महालाचा उघडा दरवाजा कामी येतो.

महबूब अली खान १९११ मध्ये वारले. त्याआधीच त्यांच्या सरकारने एका माणसाला बोलावले होते, आणि तो माणूस आपल्या महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या नोकरीत होते, धुळे-खानदेशात त्यांची सुरुवात झाली होती आणि पुण्याजवळच्या खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी आपली स्वयंचलित दारे बसवली होती. ती नोकरी सोडून ते युरोपात फिरत असताना त्यांना हैदराबादचे बोलावणे गेले. १९०९ मध्ये येऊन त्यांनी खोऱ्यातला पाऊस मोजला, फुटलेले तलाव मोजले, शहरात पाणी कुठवर चढले याच्या खुणा पाहिल्या आणि त्यावरून पुराचा हिशेब काढला: सेकंदाला सुमारे सव्वाचार लाख घनफूट. वरच्या ७८८ आणि २२१ या आकड्यांची ओळखही आपल्याला त्यांच्यामुळेच आहे. त्यांनी नदीला दोष दिला नाही, नशिबालाही दिला नाही. शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर पूर अडवणारे जलाशय बांधा आणि शहरातले काठ उंच करून मोकळे ठेवा, असे त्यांनी सुचवले.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात ते झाले. १९१२ मध्ये शहरसुधारणेसाठी मंडळ नेमले गेले. मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. या दोन्ही तलावांनी पुढे पिढ्यान्‌पिढ्या शहराची तहान भागवली. काठावर आज दिसणारे हायकोर्ट, सिटी कॉलेज आणि आमच्या मामूंचा तो उस्मानिया दवाखाना हे सगळे त्या पुरानंतरच्या नव्या मांडणीतले. इमारती सुंदर आहेत, लोक त्यांचे फोटो काढतात. आम्हाला कौतुक वाटते ते उस्मानसागरच्या बांधाचे, कारण त्यात फोटो काढण्यासारखे विशेष काही नाही आणि लाखो माणसे त्याच्या भरवशावर झोपली.

भरवशाची दुसरी बाजूही आहे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पुण्याच्या वर पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले. आदल्या रात्री जवान त्याच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. पानशेतचे पाणी खाली खडकवासल्यात आले आणि तेही फुटले. विश्वेश्वरय्यांनी दारे बसवली होती तेच खडकवासला. १९०८ मध्ये जे मुसीच्या तलावांचे झाले तेच, फक्त दोन मोठ्या धरणांचे. पुण्याची पेठांतली हजारो घरे पडली. पण पाणी दिवसाउजेडी आले, त्यामुळे असंख्य लोकांना पर्वतीकडे, उंचावर पळता आले, असे जुने पुणेकर आजही सांगतात. हेच रात्री आले असते तर काय झाले असते, हा विचार करायला हैदराबादची ती पहाट पुरेशी आहे.

आणि हैदराबाद तरी शिकले का? ऑक्टोबर २०२० मध्ये शहराच्या दक्षिणेला पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे तलाव फुटले. हाफिज बाबानगर, अलीनगर, अल-जुबैल कॉलनी या आपल्याच लोकांच्या दाट वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे वाहून गेली. तलावांच्या पोटात आणि ओढ्यांच्या वाटेवर घरे झाली होती. प्लॉट विकणाऱ्याने नकाशावर ओढा दाखवला नाही. घेणाऱ्याने तो विचारला नाही, कारण आयुष्याची कमाई घालून मिळणारा स्वस्त प्लॉट तेवढाच होता. त्या माणसाला आम्ही दोष देणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या २६ तारखेच्या रात्री उस्मानसागर आणि हिमायतसागरची दारे उघडल्यावर मुसीचे पाणी शहराच्या मोठ्या बसस्थानकात शिरले आणि अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. स्थानक जिथे आहे त्या भागाचे नाव इमलीबन, म्हणजे चिंचेचे बन. ११७ वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला.

आमच्या बीडचे सांगायचे तर बिंदुसरा हीसुद्धा मुसीसारखीच. वर्षभर पात्रात बाजार भरेल अशी. जुलै १९८९ मध्ये ती शहरात शिरली, माणसे गेली, मोहल्ले उद्ध्वस्त झाले. आमच्या अम्मी सांगतात, दारात पाणी आले तेव्हा अब्बा धान्याची पोती माळ्यावर चढवत होते. तिसऱ्या पोत्याला दादीने त्यांचा हात धरला आणि ओरडली, "गेहूं रहने दे, बच्चे उठा!" सगळे शेजारच्या दुमजली घरात गेले. आमचे घर त्या रात्री बसले, वर चढवलेल्या दोन पोत्यांसह.

एवढे ऐकून वाढलेले आम्ही, तरी आमच्याकडून चूक व्हायची ती झालीच. काही वर्षांपूर्वी ज्या शाळेत होतो तिच्या आणि वस्तीच्या मध्ये एक नाला होता, त्यावर ठेंगणा पूल. दुपारी आभाळ भरून आले. आम्ही शिक्षकांनी ठरवले, पाऊस वाढायच्या आत शाळा सोडून द्यावी, म्हणजे मुले वेळेत घरी पोहोचतील. ऐकायला शहाणपणाचे वाटते. पण वरच्या बाजूला पाऊस तासाभरापूर्वीच पडून गेला होता. मुले पुलाजवळ पोहोचली तेव्हा पाण्याचा रंग बदलला होता. गढूळ, त्यात काटक्या आणि पालापाचोळा, आणि पाण्याचा आवाज वेगळा. पाणी पुलावरून जेमतेम पोटरीपर्यंत होते. मोठी मुले म्हणाली, एवढ्यात काय होते. तिथे एका केळीवाल्याने आपली हातगाडी पुलाच्या तोंडाला आडवी लावली आणि कुणालाही पुढे जाऊ दिले नाही. शिव्या दिल्या, एकदोघांना फटकेही दिले. दहा मिनिटांत पुलाचे कठडे दिसेनासे झाले. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा सगळी मुले त्याच्या गाडीमागे भिजत उभी होती आणि आमच्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "सर, घंटी किसने बजाई?"

घंटा आम्हीच वाजवायला सांगितली होती.

त्यानंतर मुलांना आम्ही साधा हिशेब फळ्यावर करून दाखवतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघ्याखालचे पाणीही धावते असेल तर मोठ्या माणसाचे पाय उचलते, आणि पुलावरून पाणी जात असताना खाली पूल उरला आहे की नाही हे वरून दिसत नाही. मोटारसायकलवाल्याला तर नाहीच. पाऊस मोठा असेल तर मुले वरच्या मजल्यावर थांबतात, हजेरी पुन्हा घेतली जाते, आणि घरचे माणूस उंच रस्त्याने न्यायला आले तरच मूल जाते. पालक कुरकुरतात. संध्याकाळ होते, धाकटी मुले रडतात, आमचीही बस चुकते. एका वालिदांनी सुनावले, अल्लाहवर भरोसा ठेवा सर. आम्ही म्हटले, ठेवतो, म्हणून तर मुले वर ठेवली. हजरत नूह अलैहिस्सलाम यांची कश्ती पाणी येण्याआधी तयार होती, ही गोष्ट वाजमध्ये आपण दरवर्षी ऐकतो, त्यातला "आधी" हा शब्द मात्र कुणी ठासून सांगत नाही.

आता दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी आम्ही अमजद यांचा धडा घेतो, मग तो अभ्यासक्रमाच्या क्रमात पुढे असो की मागे. रुबाई होते, मुसी होते, झाड होते. त्यानंतर मुलांना एक काम देतो: तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशी सगळ्यांत उंच आणि पक्की जागा शोधा, वाटेत नाला ओलांडावा लागू नये, आणि रात्री तिथे जाता येते का ते विचारून या. उत्तरे गमतीची येतात. कुणी पाण्याची टाकी लिहितो, कुणी मोबाईलचा टॉवर. सातवीतल्या एका मुलीने लिहिले: मशिदीचा वरचा मजला, सिमेंटचा आहे, आमच्या घरापासून दोनशे पावले, मध्ये नाला नाही. पण जिन्याला कुलूप असते आणि किल्ली मुअज्जिन चाचांकडे, आणि चाचा राहतात नाल्याच्या पलीकडे.

ती वही घेऊन आम्ही जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या मुतवल्लींकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचली. बायकाही वर येतील का, असा प्रश्न एकाने काढला. त्यावर थोडी चर्चा झाली, आणि येतील, असे ठरले. दुसरी किल्ली आता त्या मुलीच्या गल्लीतल्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते.